दिलेलं वचन बदलताना : डेबियनमधला फर्मवेअरचा वाद

मागच्या व्याख्यानात आपण वचन आणि नियम यांच्यातल्या फरकाबद्दल बोललो होतो. ते संपल्यावर एका श्रोत्यांनी माझ्याकडे तक्रार केली. म्हणाले, "सर, हरिश्चंद्र झाला, भीष्म झाला, सॉक्रेटिस झाला. आता आमच्या काळातलं, आज हयात असलेल्या माणसांचं एखादं उदाहरण द्या." तक्रार रास्त होती. म्हणून आजचं उदाहरण मी संगणकाच्या जगातून घेतलं आहे.

आधीच सांगतो, मी संगणकतज्ज्ञ नाही. आयुष्य तत्त्वज्ञान शिकवण्यात गेलं. निवृत्तीनंतर लिनक्स वापरायला लागलो, आणि त्याच्या मागे उभ्या असलेल्या माणसांचे वाद वाचायची मला सवय लागली. हे वाद जाहीर असतात, लेखी असतात, आणि त्यांतले काही इतके चांगले असतात की माझ्या वर्गात ते वाचून दाखवता आले असते तर बरं झालं असतं, असं वाटतं. त्यांतलाच एक आज तुमच्यासमोर मांडतो.

प्रश्न असा आहे : एखाद्या समूहाने जाहीर वचन दिलं आहे. काळ बदलला. आता ते वचन अक्षरशः पाळलं, तर ज्यांच्यासाठी दिलं त्यांचीच अडचण होते. अशा वेळी काय करायचं? वचन घट्ट धरून बसायचं, की गुपचूप बाजूला सारायचं? की तिसरा काही रस्ता आहे?

डेबियन म्हणजे काय?

थोडी पार्श्वभूमी सांगतो. जाणकारांनी पाच मिनिटं सहन करावं.

लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधल्या विद्यार्थ्याने १९९१ मध्ये 'लिनक्स' लिहायला घेतलं. लिनक्स हा खरं तर फक्त गाभा आहे, ज्याला कर्नल म्हणतात. यंत्राचे भाग आणि आपण वापरतो ते प्रोग्रॅम यांच्यामधला तो व्यवस्थापक. नुसत्या गाभ्यावर आपल्यासारख्याचं काही काम होत नाही. आपल्याला पडद्यावर खिडक्या लागतात, फायली ठेवायची जागा लागते, ब्राउझर, छपाई, देवनागरी फॉन्ट असं सगळं लागतं. हे सगळं निवडून, एकमेकांशी जुळवून, तपासून जो संच तयार होतो त्याला 'डिस्ट्रिब्युशन', बोलीत 'डिस्ट्रो' म्हणतात.

डेबियन ही अशीच एक डिस्ट्रो. इयन मरडॉक या अमेरिकेतल्या विद्यार्थ्याने १६ ऑगस्ट १९९३ रोजी तिची घोषणा केली. त्याच्या मैत्रिणीचं नाव डेब्रा. 'डेब्रा' आणि 'इयन' मिळून डेबियन. पुढे २००४ मध्ये आलेली उबुंटू हीदेखील डेबियनच्याच पायावर उभी आहे. तेव्हा डेबियनमध्ये ठरतं त्याचा परिणाम बराच लांबवर जातो.

तिची खासियत म्हणजे तिला मालक नाही. कोणतीही कंपनी ती चालवत नाही. जगभर पसरलेले सुमारे हजार स्वयंसेवक तिचे अधिकृत सदस्य आहेत. ते दरवर्षी आपला नेता निवडतात, आणि त्यांना लिखित घटना आहे. घटनेच्याही आधीचा, जुलै १९९७ मध्ये स्वीकारलेला एक दस्तऐवज आहे. त्याचं नाव 'सामाजिक करार'. रूसोची आठवण आली ना? मलाही आली होती. पण रूसोचा करार ही तत्त्वज्ञाची कल्पना आहे, त्यावर कोणी कधी सही केलेली नाही. हा करार खरोखर लिहिला गेला, त्यावर चर्चा झाली आणि तो मंजूर झाला. ब्रूस पेरेन्स तेव्हा डेबियनचे नेते होते आणि मसुद्याचं काम त्यांच्या पुढाकाराने झालं.

या करारात पाच कलमं आहेत. पहिल्या कलमाचा आशय असा, की डेबियन शंभर टक्के मुक्त राहील. चौथ्याचा आशय असा, की आमचं प्राधान्य आमच्या वापरकर्त्यांना आणि मुक्त सॉफ्टवेअरला.

इथे 'मुक्त' हा शब्द नीट समजून घेऊ. इंग्रजीत 'फ्री' या एकाच शब्दात फुकट आणि स्वतंत्र असे दोन्ही अर्थ येतात, आणि रिचर्ड स्टॉलमन गेली चाळीस वर्षं लोकांना सांगत आहेत की आम्ही किमतीबद्दल बोलत नाही. मराठीत ही कटकट नाही. आपल्याकडे फुकट ते फुकट आणि मुक्त ते मुक्त. मुक्त सॉफ्टवेअर म्हणजे जे कशासाठीही वापरता येतं, उघडून वाचता येतं, बदलता येतं आणि मूळ किंवा बदललेल्या रूपात दुसऱ्याला देता येतं. यातली एक जरी मोकळीक नसली, तरी डेबियनच्या दृष्टीने ते मुक्त नाही, मग ते फुकट मिळत असलं तरी.

आता चौथं कलम पुन्हा ऐका. वापरकर्ते आणि मुक्त सॉफ्टवेअर. एकाच वाक्यात दोन दैवतं बसवली आहेत. दोघांचं एकमत असेपर्यंत काही अडत नाही. ज्या दिवशी दोघांचं पटणार नाही, त्या दिवशी पुजाऱ्याने काय करायचं?

कुलपाची किल्ली कुलपाच्या आत

तो दिवस आणला फर्मवेअरने.

तुमच्या लॅपटॉपमध्ये एकच संगणक नसतो. वाय-फायच्या कार्डावर स्वतःची छोटी चिप असते. आवाजासाठी, पडद्यावरच्या चित्रासाठीही अशा चिपा असतात. प्रत्येकीला कामाच्या सूचना लागतात. त्या सूचनांचा संच म्हणजे फर्मवेअर. पूर्वी तो बहुधा कारखान्यातच चिपवर कायमचा कोरलेला असे. पुढे उत्पादकांना दुसरी सोय सापडली : चिपवर तो साठवायचाच नाही, संगणक सुरू होताना ऑपरेटिंग सिस्टिमने तो चिपला वाढायचा. यात खर्चही वाचतो आणि चूक सापडली तर नंतर दुरुस्त करता येते.

यातली मेख अशी, की हे फर्मवेअर बहुतेक वेळा मुक्त नसतं. वाटायला परवानगी असते, पण आतली संहिता मिळत नाही. ना वाचता येत, ना बदलता येत. मग जो समूह "आम्ही शंभर टक्के मुक्त राहू" असं म्हणून बसला आहे, त्याने ते आपल्या संचात ठेवायचं का?

डेबियनमध्ये यावर २००४ पासून वाद आणि मतदानं होत आली. दोनदा तर नवी आवृत्ती अडून राहू नये म्हणून तेवढ्यापुरती सवलत द्यावी लागली. शेवटी फेब्रुवारी २०११ मध्ये आलेल्या सहाव्या आवृत्तीत कर्नलमधून असं सगळं फर्मवेअर बाहेर काढण्यात आलं आणि वेगळ्या 'अमुक्त' कप्प्यात ठेवलं गेलं. हा कप्पा डेबियनच्याच यंत्रणेवर असतो, पण अधिकृतपणे डेबियनचा भाग मानला जात नाही. तात्त्विक दृष्ट्या घर स्वच्छ झालं.

आता वापरणाऱ्याच्या जागी उभं राहून पाहा. समजा, तुमच्याकडे आजकालचा पातळ लॅपटॉप आहे. त्याला इंटरनेटची वायर लावायला भोकच नाही. तुम्ही डेबियनचा अधिकृत इन्स्टॉलर पेनड्राइव्हवर घेतला आणि संगणक सुरू केला. इन्स्टॉलर म्हणाला, वाय-फायसाठी फर्मवेअर हवं आहे, ते माझ्याजवळ नाही. ते कुठे मिळेल? इंटरनेटवर. आणि इंटरनेट कशाने मिळेल? वाय-फायने! म्हणजे कुलपाची किल्ली कुलपाच्या आत.

गंमत म्हणजे यावर उपाय होता. फर्मवेअरसकट तयार केलेला इन्स्टॉलर डेबियनचीच माणसं बनवत होती, अनेक वर्षं. पण त्याच्यावर 'अनधिकृत' असा शिक्का होता, आणि तो मुख्य दारावर न ठेवता आत कुठेतरी ठेवलेला असे. ज्याला माहीत आहे तो बरोबर तिथे जायचा. ज्याला माहीत नाही तो अधिकृत इन्स्टॉलर घ्यायचा, अडायचा, आणि "लिनक्स आपल्या कामाचं नाही" असं म्हणून परत जायचा.

मला इथे थोडं थांबावंसं वाटतं. वचन कागदावर पाळलं जात होतं. पण त्याची किंमत कोण मोजत होतं? जाणकार मोजत नव्हते, त्यांना मागचं दार ठाऊक होतं. किंमत मोजत होता तो नवखा. आपल्याकडच्या सोवळ्याची आठवण झाली असेल, तर ती चुकीची नाही. सोवळं मिरवणारा एक आणि त्याचा त्रास सोसणारा दुसरा, हे आपण घराघरात पाहिलेलं आहे.

ऐकू न येणारा इन्स्टॉलर

स्टीव्ह मॅकिन्टायर हे डेबियनचे माजी नेते. अधिकृत इन्स्टॉलर तयार करण्याचं काम त्यांनी वर्षानुवर्षं केलं आहे. एप्रिल २०२२ मध्ये त्यांनी जाहीरपणे लिहिलं, की हे असं चालू ठेवणं बरोबर नाही, आता सगळ्यांनी मिळून ठरवू. त्यांच्या मांडणीत वाय-फायखेरीज आणखी एक मुद्दा होता. माझ्या मते साऱ्या वादातला सर्वांत जड मुद्दा तोच.

डेबियनचा इन्स्टॉलर बोलतो. संगणक सुरू झाल्यावर एक टुंग असा आवाज येतो. दृष्टिहीन माणसाने त्या वेळी 'एस' हे अक्षर दाबून एंटर दाबलं, की पुढचा प्रत्येक पडदा त्याला वाचून दाखवला जातो. म्हणजे ज्याला दिसत नाही तो माणूस कोणाच्याही मदतीशिवाय स्वतःच्या संगणकावर ही सिस्टिम बसवू शकतो. मोठी गोष्ट आहे ही. पण अलीकडच्या अनेक लॅपटॉपमध्ये आवाजाच्या चिपलाही फर्मवेअर लागतं. ते इन्स्टॉलरमध्ये नसेल तर आवाजच फुटत नाही. डोळस माणसाला निदान "फर्मवेअर नाही" ही सूचना तरी वाचता येते. याला तीसुद्धा मिळत नाही. त्याच्यापुढे फक्त शांतता.

माझा एक दृष्टिहीन विद्यार्थी होता. बुद्धीने लख्ख. परीक्षेला त्याला लेखनिक मिळत असे. एकदा तो म्हणाला, "सर, पेपराला लेखनिक मिळतो त्याचं काही नाही. पण मला आलेलं पत्रसुद्धा आधी दुसरं कोणीतरी वाचतं, मग मला कळतं." मी तेव्हा विशीतल्या मुलांना स्वातंत्र्याच्या संकल्पनेवर मोठमोठी व्याख्यानं देत होतो. त्या वाक्याने माझी बरीच व्याख्यानं निरुपयोगी करून टाकली. कोणाच्या तरी डोळ्यांवर अवलंबून न राहता आपली गोष्ट आपल्याला करता येणं, याला जर स्वातंत्र्य म्हणायचं नसेल तर कशाला म्हणायचं?

म्हणून २०२२ चा हा वाद "तत्त्व विरुद्ध सोय" असा मांडला तर तो चुकीचा मांडला जातो. तो दोन स्वातंत्र्यांमधला वाद होता. संहिता वाचण्याचं, बदलण्याचं स्वातंत्र्य एका बाजूला, आणि मुळात यंत्र आपल्या हाताने चालवता येण्याचं दुसऱ्या बाजूला.

पूर्वपक्ष

आपल्या परंपरेत शिस्त अशी, की आपलं मत मांडण्याआधी समोरच्याचं मत त्याला स्वतःला पटेल अशा शब्दांत मांडायचं. तर पूर्वपक्ष असा.

एक, जे वाचता येत नाही त्यावर विश्वास का ठेवायचा? फर्मवेअर यंत्राच्या फार आतल्या थरात चालतं. दोन, डेबियनसारख्या मोठ्या समूहानेच ते आपल्या हाताने वाटायला सुरुवात केली, तर उत्पादकांवर संहिता खुली करण्याचा जो थोडाफार दबाव आहे तोही जाईल. तीन, आज फर्मवेअर, उद्या दुसरं काही. उतार एकदा लागला की पाय कुठे थांबणार? आणि चार, सगळ्यांत महत्त्वाचं : काही माणसं डेबियनमध्ये याच वचनामुळे आली आहेत. त्यांनी वर्षानुवर्षं बिनपगारी राबून दिलं ते या एका वाक्यासाठी. त्यांच्याशी केलेल्या कराराचं काय?

यातला एकही मुद्दा टाकाऊ नाही. उत्तरपक्षही ऐका.

चिपवर कायमचं कोरलेलं फर्मवेअरदेखील तेवढंच बंदिस्त असतं. ते बाहेरून भरावं लागत नाही म्हणून आपल्याला दिसत नाही, एवढंच. मग आपला नियम काय म्हणतो आहे? बंदिस्त गोष्ट नजरेआड असली तर चालेल, समोर आली तर चालणार नाही. अशा नियमाने यंत्र जास्त मुक्त होत नाही, फक्त आपला संच शुद्ध दिसतो. शिवाय २०१८ च्या जानेवारीत प्रोसेसरमधले 'मेल्टडाउन' आणि 'स्पेक्टर' हे दोष जगापुढे आले, तेव्हा त्यांवरच्या उपायांचा एक भाग मायक्रोकोडच्या, म्हणजे प्रोसेसरच्या अशाच अंतर्गत सूचनांच्या दुरुस्तीतून आला. तोही अमुक्त. तो नाकारणं म्हणजे संहिता बंदिस्तच ठेवायची आणि वर जुना दोषही सांभाळायचा.

वाद, जल्प, वितंडा

आता हा वाद चालवला कसा, ते पाहू. माझ्या दृष्टीने खरं शिकण्यासारखं तिथे आहे.

गौतमांच्या न्यायसूत्रांत चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत. सत्य कळावं म्हणून होतो तो वाद. जिंकण्यासाठी होतो तो जल्प. आणि स्वतःची कोणतीही बाजू न मांडता फक्त दुसऱ्याची पाडायची, ती वितंडा. आपल्या सोसायटीच्या सभा आठवा. रंग लावायचा ठराव आला की पाच जण सांगतात, हा रंग का नको. कोणता हवा, हे कोणी सांगत नाही. दीड तासाने चहा होतो आणि भिंत तशीच राहते. ही शुद्ध वितंडा.

डेबियनच्या घटनेत वितंडेवर एक साधा उपाय आहे. कोणाही सदस्याला ठराव मांडता येतो, पण त्याला आणखी पाच सदस्यांचं अनुमोदन लागतं. ज्याला तो ठराव पसंत नाही, तो चर्चेच्या मुदतीत आपला पर्यायी मजकूर मांडू शकतो. त्यालाही पाच अनुमोदक लागतात. असा प्रत्येक पर्याय मतपत्रिकेवर जातो. याचा परिणाम असा होतो, की "हे नको" म्हणणाऱ्याला कोणीतरी विचारतंच : मग तुझा मजकूर कुठे आहे?

या वेळी मतपत्रिकेवर सहा पर्याय आले. ते थोडक्यात सांगतो, कारण त्यांच्यातले बारीक फरक महत्त्वाचे आहेत.

पहिला : फर्मवेअरसकट एकच अधिकृत इन्स्टॉलर द्यायचा. दुसरा : दोन्ही ठेवायचे, पण शिफारस फर्मवेअरवाल्याची करायची. तिसरा : मुक्त इन्स्टॉलरच्या शेजारी दुसराही दाखवायला मोकळीक द्यायची. चौथा : अमुक्त गोष्टी असलेला इन्स्टॉलर डेबियनचा भाग नाही, असं स्पष्ट म्हणायचं. पाचवा : सामाजिक करारातच दुरुस्ती करायची आणि फर्मवेअरसकट एकच इन्स्टॉलर द्यायचा. सहावा : करारात दुरुस्ती करायची, पण दोन्ही इन्स्टॉलर ठेवायचे. आणि सातवी ओळ नेहमीची : वरीलपैकी काहीही नाही.

मत देताना एकावर फुली मारायची नसते. सगळ्या पर्यायांना पसंतीक्रम द्यायचा असतो. मग प्रत्येक पर्यायाची दुसऱ्या प्रत्येकाशी जोडी लावून पाहतात : या दोघांत जास्त जणांनी कोणाला वर ठेवलं? जो सगळ्या जोड्यांत वरचढ ठरतो तो निवडला जातो. यामुळे एकसारखे दोन पर्याय एकमेकांची मतं खात नाहीत. आपल्याकडच्या निवडणुकांत मतविभागणी हा शब्द आपण किती वेळा ऐकतो! इथे तिला फारसा वाव नाही.

आणखी एक. त्याच वर्षी, काही महिने आधी, त्यांनी अशा ठरावांवरचं मतदान गुप्त करण्याचा निर्णय घेतला होता. म्हणजे चर्चा उघड, नावानिशी. मत मात्र गुप्त. विचार सगळ्यांसमोर मांडायचा, आणि शिक्का मारताना कोणाच्या डोळ्यांत पाहायची गरज पडू द्यायची नाही.

पहिला की पाचवा?

पहिला आणि पाचवा पर्याय पुन्हा आठवा. तुमच्या-माझ्या हातात पडणारी वस्तू दोन्हींत तीच आहे : फर्मवेअर असलेला एकच इन्स्टॉलर. पेनड्राइव्हवर काही फरक दिसणार नाही. मग फरक कशात?

पहिल्याच्या बाजूने म्हणणं असं होतं, की करार डेबियन सिस्टिमबद्दल बोलतो. इन्स्टॉलरवर सोबत ठेवलेलं फर्मवेअर हा सिस्टिमचा भाग नाही. तेव्हा करार मोडत नाही आणि बदलायचीही गरज नाही. पाचव्याचं म्हणणं असं, की हा अर्थ लागू शकतो, पण तो सगळ्यांना लागेलच असं नाही. शंका आहे ना? मग ती करारातच लिहून मिटवू.

पहिला मार्ग सोपा होता, कारण त्याला साधं बहुमत पुरत होतं. करारासारख्या पायाभूत दस्तऐवजाला हात लावायचा, तर नियम कडक आहे : तो पर्याय 'वरीलपैकी काहीही नाही'च्या वर ठेवणारे, खाली ठेवणाऱ्यांच्या निदान तिप्पट असले पाहिजेत. म्हणजे तीच वस्तू मिळवायला पाचव्या मार्गाने तिप्पट चढण होती.

सप्टेंबर २०२२ च्या उत्तरार्धात मतदान झालं, आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला निकाल आला. पाचवा पर्याय निवडून आला.

मला हे वाचून समाधान वाटलं. सोपी वाट उपलब्ध असताना त्यांनी अवघड वाट धरली, आणि ती फक्त एका वाक्यासाठी. करारातलं पहिलं कलम तसंच राहिलं. पाचव्या कलमात एका वाक्याची भर पडली. आशय असा, की ज्या यंत्रांना गरज आहे त्यांवर डेबियन चालावं यासाठी, एरवी डेबियनचा भाग नसलेलं फर्मवेअर अधिकृत माध्यमावर ठेवता येईल.

कोणी म्हणेल, हा शब्दच्छल झाला. भाग नाही म्हणता आणि सोबत देता! न्यायदर्शनात छल म्हणजे बोलणाऱ्याच्या शब्दाला त्याच्या मनात नसलेला अर्थ चिकटवून त्याला अडवणं. छलाला संदिग्धता लागते, काळोख लागतो. इथे उलट झालं. जे आजवर आडपडद्याने, 'अनधिकृत' म्हणून चाललं होतं, ते उजेडात आणून करारात लिहिलं. ज्याला ते आवडत नाही त्यालाही आता बोट ठेवायला एक वाक्य आहे. आडपडदा ठेवून पाळलेल्या वचनापेक्षा उघडपणे बदललेलं वचन जास्त प्रामाणिक असतं, असं माझं मत आहे.

भेद करणं

डेबियनची बारावी आवृत्ती १० जून २०२३ रोजी आली. तिच्यात हा निर्णय प्रत्यक्षात उतरला, आणि त्यात पूर्वपक्षाचाही मान राखला आहे.

पूर्वी फर्मवेअर आणि इतर सगळं अमुक्त सॉफ्टवेअर एकाच कप्प्यात होतं. वाय-फायपुरतं दार उघडायचं म्हटलं, तर सगळा कप्पाच उघडावा लागे. आता फर्मवेअरसाठी वेगळा कप्पा केला. तेवढाच उघडा, बाकीचा बंद ठेवा. उतारावर पाय घसरेल या भीतीला हे नेमकं उत्तर आहे : उतारावर पायरी बांधली. तत्त्वज्ञानात आम्ही जन्मभर हेच करतो. दोन गोष्टी एकाच नावाखाली गेल्यामुळे भांडण होत असेल, तर आधी दोन नावं द्यायची.

दुसरं म्हणजे, कोणतं फर्मवेअर वापरलं गेलं हे कळण्याची सोय ठेवली. आणि ज्याला ते मुळीच नको आहे, तो सुरुवातीलाच सूचना देऊन ते बंद ठेवू शकतो. आधी नवख्याला माहिती नसण्याची शिक्षा होत होती. आता ज्याला शुद्धता हवी त्याला थोडी जास्त खटपट करावी लागते. ओझं त्याच्या खांद्यावर आलं ज्याला ते कशासाठी उचलायचं हे माहीत आहे. मला ही वाटणी न्याय्य वाटते.

सगळ्यांचं समाधान झालं का? नाही. स्टॉलमन यांनी स्थापन केलेलं फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन आधीपासूनच डेबियनची शिफारस करत नव्हतं, कारण अमुक्त कप्पा शेजारी आहे. त्यांच्या कसोटीवर हा निर्णय आणखी एक पाऊल चुकीच्या दिशेनेच आहे. उत्पादकांवरचा दबाव कमी होईल हा मुद्दाही खोटा ठरलेला नाही. ती किंमत खरी आहे. चांगल्या निर्णयातही काहीतरी गमावलं जातं, आणि जे गमावलं त्याचं नाव घेता येणं हा चांगल्या निर्णयाचा भागच असतो.

आणि प्रत्येक वेळी असं छान जमतं असंही नाही. २०१४ मध्ये याच समूहात, संगणक सुरू होताना सगळी कामं कोणत्या यंत्रणेने लावायची यावरून वाद पेटला. 'सिस्टिमडी' नावाची नवी यंत्रणा घ्यायची की नाही, हा प्रश्न. तांत्रिक समितीत मतं बरोबरीत पडली आणि अध्यक्षांच्या निर्णायक मताने निकाल लागला. त्याच वर्षी काही जण बाहेर पडले आणि त्यांनी 'डेव्हुआन' नावाची वेगळी डिस्ट्रो काढली. घटना होती, मतदान होतं, तरी घर फुटलं. नियम माणसांना एकत्र ठेवत नाहीत. एकत्र राहायचं असलेल्या माणसांना ते मदत करतात, एवढंच.

पुन्हा भीष्म

श्रोत्यांनी भीष्म नको म्हटलं होतं, तरी शेवटी त्याच्याकडेच येतो. क्षमा करा.

भीष्माने आजन्म ब्रह्मचर्याचं वचन दिलं ते सत्यवतीच्या मुलांना राज्य मिळावं म्हणून. पुढे तिची दोन्ही मुलं निपुत्रिक गेली. तेव्हा स्वतः सत्यवतीच त्याला म्हणाली, आता तू पुढे हो, वंश राख. जिच्यासाठी वचन दिलं तीच सोडायला सांगत होती. भीष्माने नकार दिला. आपण त्याला थोर म्हणतो, आणि तो थोर होताच. पण मला नेहमी वाटत आलं, की त्या क्षणी ते वचन सत्यवतीसाठी राहिलंच नव्हतं. ते फक्त भीष्मासाठी उरलं होतं.

वचन देताना त्याला पलीकडे कोणीतरी असतं. डेबियनच्या बाबतीत पलीकडे तो नवखा माणूस होता, आणि टुंग आवाजाची वाट पाहत बसलेला तो दृष्टिहीन माणूस होता. त्यांच्याकडे बघून वचन बदलावं लागलं. पण ते आपल्या सोयीने, अंधारात बदललं नाही. पर्याय लिहून, विरोधकाला त्याचा मजकूर मांडायला लावून, सर्वांत अवघड बहुमत मिळवून आणि मूळ कागदावर दुरुस्ती करून बदललं.

तुमच्या सोसायटीत, संस्थेत, घरात अशी वेळ आली, तर तीन प्रश्न विचारून पाहा. हे वचन नेमकं कोणासाठी दिलं होतं? ते पाळण्याची किंमत आज कोण मोजतं आहे? आणि बदलायचं असेल, तर ते आपण मूळ कागदावर लिहायला तयार आहोत का? तिसऱ्या प्रश्नाला उत्तर 'नाही' असं आलं, तर समजा की आपण वचन बदलत नाही आहोत, मोडतो आहोत.

आज इथेच थांबतो. पुढच्या वेळी याच धाग्यावरून, बहुमताचा निर्णय अल्पमतावर कितपत बंधनकारक असतो, त्याबद्दल बोलू. तुमचे प्रश्न जरूर विचारा. आणि हो, आपल्यात कोणी दृष्टिहीन श्रोते असतील आणि त्यांनी हा बोलणारा इन्स्टॉलर स्वतः वापरून पाहिला असेल, तर त्यांचा अनुभव मला ऐकायचा आहे. तो माझ्या व्याख्यानापेक्षा जास्त मोलाचा असेल.